संशयाचा कायदा

एखादा मनुष्य आपल्या वाटेनें जात असतां त्यास थांबवून त्याचे खिसे चाचपण्याचा अधिकार पोलीसशिपायास कोठवर असावा, हा प्रश्न सकृद्दर्शनीं क्षुल्लक भासतो. परंतु न्यायमंदिराची पायरी पुष्कळांस जन्मांत चढावी लागत नाहीं; रस्त्यावरून मात्र सर्वांसच जावें लागतें. राजसत्तेचा खरा स्वभाव सामान्य माणसास कळतो तो तेथेंच. या प्रश्नाचा इंग्लंडांतील इतिहास म्हणूनच मननीय आहे.

नेपोलियनशीं चाललेलीं युद्धें संपल्यावर तेथील रस्ते बेकार सैनिकांनीं व निराधार मजुरांनीं भरून गेले. त्यांच्या बंदोबस्तासाठीं १८२४ सालीं भटक्यांविषयींचा कायदा झाला. लंडनचें पोलीसदल निघालें १८२९ सालीं. म्हणजे हा कायदा पोलिसांहूनही वडील! ‘संशयित इसम’ किंवा चोर म्हणून ज्याचा लौकिक आहे असा मनुष्य गुन्ह्याच्या हेतूनें रस्त्यांत घुटमळतांना आढळल्यास तो शिक्षेस पात्र होई. चोरी झालेली नको, फिर्यादी नको. मनांतील हेतु शिपायानें ओळखावा व त्याच्याच साक्षीवर आरोपीनें तुरुंगांत जावें, असा हा न्याय होता. शिवाय १८३९ च्या कायद्यानें लंडनच्या पोलिसांस चोरीच्या मालाच्या संशयावरून झडतीचाही अधिकार दिला होता.

दीडशें वर्षांनीं हीं जुनीं शस्त्रें वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांच्या मुलांवर चालूं लागलीं. त्यांच्या मातांनीं चळवळ केली. १९८० सालीं पार्लमेंटच्या समितीनेंही ‘संशयित इसमा’चें कलम रद्द करण्याची शिफारस केली. तरीही एप्रिल १९८१ मध्यें दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागांत पोलिसांनीं अवघ्या कांहीं दिवसांत ९४३ जणांस अडविलें. पैकीं अटक झाली ११८ जणांस. आठांतील सात जण निष्कारण अडविले गेले! त्याच महिन्याच्या १० तारखेस तेथें जी दंगल पेटली ती तीन दिवस चालली.

१९८१ सालींच तें कलम रद्द झालें. झडतीचा अधिकार मात्र उरला. त्यास आवर घातला १९८४ च्या कायद्यानें. संशयास सयुक्तिक कारण पाहिजे. शिपायानें तें कारण आणि आपलें नांव व ठाणें त्या माणसास सांगितलें पाहिजे. आणि झडतीची लेखी नोंद ठेवली पाहिजे. केवळ वर्ण, वय वा पोशाख हें कारण होऊं शकत नाहीं, असें सोबतच्या नियमांत स्पष्ट केलें गेलें.

पोलिसांची अडचण आम्ही जाणतों. सुरा घेऊन हिंडणाऱ्यानें वार करीपर्यंत वाट पाहावी, असें कोणीही सुज्ञ म्हणणार नाहीं. याच भयापोटीं १९९४ सालीं ठराविक भागांत व ठराविक वेळेपुरती संशयावांचून झडतीची मुभा मिळाली. २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्यानें ती अधिकच सैल हातानें दिली; पण २०१० सालीं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें तिच्याविरुद्ध निर्णय दिला व २०१२ सालीं ती गेली. लोकांचें भय वाढलें कीं कारण विचारण्याची अट प्रथम गळते, हा यांतील बोध आहे.

तो बोध आम्हांसही परका नाहीं. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या १२२ व्या कलमांत, रात्रीं रस्त्यांत घुटमळणाऱ्या ‘चोर म्हणून लौकिक’ असलेल्या माणसाविषयीं १८२४ चेच शब्द उतरले आहेत. लौकिक कोण ठरविणार? शिपायाच्या हातीं अधिकार अवश्य असावा, पण “मला कां थांबविलें?” या प्रश्नाचें उत्तर देण्यास तो बांधलेला असावा. तें उत्तर जेथें मागतां येत नाहीं, तेथें निरपराध मनुष्यही रस्त्यानें खालीं मान घालूनच चालतो.