बॅटरीतलं सिलिकॉन आणि दहा हजार अंशांची ज्योत

हा भाग ऐकायच्या आधी एक काम करा. मोबाईलची बॅटरी किती टक्के उरलीये ते बघा. बघितलं? आजची गोष्ट त्या टक्क्यांची आहे.

1991 मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढच्या काही वर्षांत तिच्या ऋण टोकाला, म्हणजे अॅनोडला, ग्राफाइट पक्कं बसलं. चार्ज करताना लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतं. पण जागा मोजकीच. सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम. त्यामुळे एका ग्रॅम ग्राफाइटमध्ये फार तर 372 मिलिअँपिअर-अवर मावतात.

आता सिलिकॉन बघा. चार सिलिकॉन अणू पंधरा लिथियम अणूंना धरून ठेवतात. ग्रॅमला साधारण 3,580. जवळजवळ दहापट! आणि ही काही नवी बातमी नाही. 1976 मध्येच जनरल मोटर्सच्या संशोधकांनी लिथियम-सिलिकॉनच्या जोडीचा अभ्यास छापला होता.

मग घोडं अडलं कुठे? फुगण्यात. एवढं लिथियम पोटात घेतलं की सिलिकॉनचा कण जवळपास चौपट आकाराचा होतो. डिस्चार्ज झाला की परत आक्रसतो. असं काही वेळा झालं की त्याला तडे जातात, भुगा होतो आणि बॅटरी बसते.

2008 मध्ये स्टॅनफर्डच्या यी क्वी यांच्या गटाने यावर वाट दाखवली. त्यांनी सिलिकॉनच्या नॅनो आकाराच्या तारा वाढवल्या. तारांच्या मध्ये मोकळी जागा होती, त्यामुळे त्या फुगल्या तरी तुटल्या नाहीत. 2012 मध्ये आणखी एका प्रयोगात आकाराची सीमा कळली. कण साधारण 150 नॅनोमीटरपेक्षा लहान असेल, तर पहिल्यांदा लिथियम भरताना त्याला तडा जात नाही.

म्हणजे प्रश्न सुटला? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक वाक्य फेमस आहे: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ इथेही तेच झालं. प्रयोगशाळेत चिमूटभर करणं वेगळं आणि कारखान्यात टनांनी करणं वेगळं. एवढी बारीक पूड, तीही शुद्ध आणि परवडेल अशी, आणायची कुठून?

उत्तराचा एक धागा 1961 मध्ये सापडतो. अमेरिकेत, एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत टॉमस रीड यांनी इंडक्शन प्लाझ्मा टॉर्च बनवली. घरातली इंडक्शन शेगडी आठवा. तिच्यातली कॉइल थेट भांड्यातच करंट तयार करते. इथे भांड्याच्या जागी वायूच असतो. नळीभोवती कॉइल, आत आर्गॉन. वायूच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ज्योत दहा हजार अंशांच्या आसपास जाते. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साडेपाच हजारांच्याच घरात आहे! शिवाय ज्योतीला धातूचं टोक कुठेच लागत नाही, म्हणून मालात भेसळ होत नाही.

गंमत म्हणजे रीड यांनी ही ज्योत स्फटिक वाढवायला वापरली. पूड टाकायची आणि मोठा खडा बनवायचा. पुढच्या लोकांनी हेच काम उलटं केलं. 1983 मध्ये टोकियो विद्यापीठात तोयोनोबु योशिदा आणि सहकाऱ्यांनी प्लाझ्मातून सिलिकॉन नायट्राइडची अतिसूक्ष्म पूड काढली. 1990 मध्ये कॅनडातल्या शेरब्रुकला टेक्ना ही कंपनी सुरू झाली आणि अशा टॉर्च कारखान्यांसाठी बनू लागल्या. मग टोकियोतच माकोतो कांबारा यांच्या गटाने स्वस्त, धातुकामाच्या दर्जाचं सिलिकॉन प्लाझ्मात टाकून बॅटरीसाठी नॅनोकण केले.

आत नक्की होतं काय? सिलिकॉनची जाडसर पूड ज्योतीत सोडतात. ते 1,414 अंशांना वितळतं आणि सव्वातीन हजारांच्या पुढे त्याची वाफ होते. हे सगळं काही मिलिसेकंदांत! लगेच त्या वाफेवर थंड वायूचा मारा करतात. गरम चहाची वाफ चष्म्यावर बसून बारीक थेंब होतात ना, तसंच. वाफेला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. जितकं झटकन थंड कराल, तितका कण लहान.

ही विद्या आपल्याकडेही आहे बरं का. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात थर्मल प्लाझ्मातून नॅनोकण बनवण्यावर बरीच वर्षं काम झालंय.

पण म्हणून प्लाझ्मा जिंकला असं नाही. ज्योतीला वीज भरपूर लागते. कण फार बारीक झाले की एकूण पृष्ठभाग वाढतो आणि त्यावर थर धरण्यातच बरंच लिथियम खर्ची पडतं. दुसरीकडे, सच्छिद्र कार्बनमध्ये सिलेन वायूपासून सिलिकॉन भरायची पद्धतही जोरात आहे. 2023 पासून सिलिकॉन-कार्बन बॅटरीचे फोन दुकानात आलेत, पण त्यांच्या अॅनोडमध्येही सिलिकॉन कार्बनच्या सोबतीनेच असतं.

मला या गोष्टीत एक जाणवतं. सिलिकॉनची ताकद 1976 पासून माहीत होती. अडलं होतं ते करायचं कसं यावर, आणि त्यासाठी लागणारं एक हत्यार पंधरा वर्षं आधीच भलत्याच कामासाठी तयार झालं होतं. तुमच्या अडलेल्या प्रोजेक्टचं हत्यारही कदाचित दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर पडलेलं असेल. जरा आजूबाजूला विचारून बघा.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, फोन चार्जिंगला लावा!