दरज : जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि एक शब्द

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा व त्याच्या शेजारचे सिंदखेड राजा ही दोन्ही गावे जाधवरावांच्या घराण्याशी निगडित आहेत. सिंदखेड हे जिजाबाईंचे माहेर; लखुजी जाधवरावांचा राजवाडा तेथेच आहे. या प्रदेशातील जुन्या वाड्यांचे जोते व खालच्या भिंती काळ्या दगडाच्या असून वरचे काम पुष्कळदा विटांचे वा मातीचे आढळते. चांगल्या प्रतीचा काळा दगड शतकानुशतके पावसास दाद देत नाही. ऊनपावसाचा पहिला आघात होतो तो दोन चिऱ्यांमधील सांध्यावर. तेथील चुना झिजतो, पाणी भिंतीच्या गाभ्यात शिरते, पिंपळाचे मूळ त्याच वाटेने आत जाते आणि अखेर चिरे जागा सोडतात. म्हणून अशा भिंतींच्या दुरुस्तीचा इतिहास हा मुख्यतः सांध्याचा इतिहास होय.

या सांध्यास मराठीत ‘दरज’ म्हणतात. हा शब्द फार्सी असून त्याचा मूळ अर्थ ‘शिवण’ असा आहे. हिंदीतील ‘दर्जी’ म्हणजे शिंपी, हा त्याच कुळातला. ‘सुरखी’ म्हणजे विटांची तांबडी पूड, व ‘गिलावा’ हे शब्दही फार्सीच. उलट ‘चुना’ हा संस्कृत ‘चूर्ण’पासून व पाथरवटातील ‘पाथर’ हा ‘प्रस्तर’पासून आला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने कारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तथापि दरज टिकली. हा शब्द दफ्तरात नव्हे, भिंतीपाशी शिकला जात होता.

या व्युत्पत्तीचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. ताण पडला असता शिवण उसवावी, कापड फाटू नये, हाच न्याय दगडी भिंतीस लागू पडतो. घाणीत मळलेला चुना दगडाहून मऊ असतो, भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि झिजल्यावर खरवडून पुन्हा भरता येतो. १८२४ मध्ये इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. विसाव्या शतकात ते आपल्याकडे सर्वत्र पोहोचले व जुन्या दरजांतही भरले जाऊ लागले. सिमेंट कठीण व घट्ट असल्याने ओल आत कोंडते, क्षार विटांच्या व सच्छिद्र दगडांच्या पृष्ठभागापाशी स्फटिकरूप धारण करतात आणि त्यांचे पापुद्रे सुटतात. येथे शिवण राहते, कापडच फाटते.

जुनी रीत धीराची आहे. भुसभुशीत झालेला चुना दरजेच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट खोलीपर्यंत छिन्नीने हलकेच काढावयाचा, मुळे उपटावयाची, सांधा भिजवून चुना, वाळू व सुरखी यांचे मिश्रण दाबून भरावयाचे आणि कित्येक दिवस ते ओले राखावयाचे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. त्यास घाई मानवत नाही.

आज या कामास ‘पॉइंटिंग’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्या शब्दात शिवणीची खूण नाही. दरज विस्मृतीत गेली, तर दगड राखण्यासाठी झिजणे हेच सांध्याचे काम आहे, ही जाणीवही तिच्याबरोबर जाईल.