पहिली चूक आणि कायदा

पुसदच्या बाजारात, बचत गटाच्या बैठकीत आम्हांला कुणीतरी हळूच विचारतं, "पोरगा गांजासकट सापडला. पहिलीच वेळ आहे, सोडतील ना?" उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

1985 आधी अशा गुन्ह्याला जास्तीत जास्त 3 वर्षं कैद होती; पुन्हा सापडला तर 4. त्या वर्षी 14 नोव्हेंबरला एनडीपीएस कायदा लागू झाला आणि बऱ्याच गुन्ह्यांना किमान शिक्षाच 10 वर्षांची झाली. थोडा माल स्वतःपुरता होता, हे आरोपीनंच सिद्ध करायचं. 2001 पासून शिक्षा वजनावर ठरू लागली. गांजा 1 किलोपर्यंत असेल तर आज 1 वर्षापर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर मात्र 10 ते 20 वर्षं.

चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणारा 1958 चा कायदा इथे 18 वर्षांवरच्यांना सहसा लागू होत नाही. सेवनाचा गुन्हा अपवाद. पण मुलगा व्यसनी असेल आणि माल अल्प असेल, तर कलम 39 प्रमाणे न्यायालय त्याचं वय, आधीची वागणूक पाहून, त्याच्या संमतीनं तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. कलम 64अ प्रमाणे असा व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला, तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊही शकते.

म्हणून लाजेनं गप्प बसू नका. पंचनाम्यात वजन किती लिहिलंय, ते आधी विचारा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. आणि व्यसनाची शंका आली, तर पोलिसांच्या आधी आपणच दवाखाना गाठू या.