दुसऱ्याच्या तारेवरचा आकडा

कारेगावात व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, वक्ते एमआयडीसीवर बोलणार, नाहीतर शेजारच्या रांजणगावच्या महागणपतीवर. आज आपण बोलणार आहोत वेबसाइटवरच्या चित्रांच्या चोरीवर. त्यातही अशा चोरीवर, जिच्यात चोरलेलं चित्र जागचं हलतसुद्धा नाही.

आकडा टाकणं म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला नको. तार दुसऱ्याची, वीज दुसऱ्याची, बल्ब आपल्या घरात. इंटरनेटवरही तसंच होतं. आम्ही आमच्या सर्व्हरवर एक फोटो ठेवला. दुसऱ्या कुणी तो उतरवून स्वतःकडे ठेवला, तर तो कॉपीराइटचा प्रश्न झाला. पण त्यानं फोटो उतरवलाच नाही, आपल्या पानात आमच्या फोटोचा नुसता पत्ता लिहिला, तर? त्याचं पान कुणी उघडलं की वाचकाचा ब्राउझर फोटो मागायला आमच्या दारात येतो. वाचक त्याचा, डेटा आमचा. याला हॉटलिंकिंग म्हणतात. हिशोब सोपा आहे: फोटो 500 केबीचा आणि पान 20,000 वेळा उघडलं गेलं, तर 10 जीबी खर्च.

हे दार उघडं कुणी ठेवलं, ते बघायला 1993 सालात जावं लागतं. तोवर वेबचं पान म्हणजे मुख्यतः मजकूर. त्या फेब्रुवारीत अमेरिकेत मोझेक ब्राउझरवर काम करणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी पानातच चित्र दाखवण्यासाठी एक खूण सुचवली. त्या खुणेत चित्राचा पत्ता लिहायचा. तो पत्ता आपल्याच सर्व्हरवरचा हवा, अशी अट त्यात नव्हती. आणि ते बरोबरच होतं, असं आमचं मत आहे. कुठल्याही पानानं कुठल्याही ठिकाणाकडे बोट दाखवावं, हाच तर वेबचा पाया. तेव्हा आकड्याची उपमा इथवर चालते, पुढे थोडी लंगडी पडते. विजेच्या तारेवर आकडा टाकायला कुणी परवानगी दिलेली नसते. इथं तारच अशी ओढली होती की हात वर केला की लागावी.

मग कुलूप कुठून आलं? ब्राउझर काही मागायला येतो तेव्हा सोबत एक चिठ्ठी आणतो: मी अमुक पानावरून आलो. मे 1996 मध्ये छापलेल्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात या चिठ्ठीचं नाव ‘रेफरर’ असं आहे, आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ कमी पडलाय. ती चूक आजही तशीच चालू आहे! सर्व्हरवाल्यांनी काय केलं, तर चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. अपाचे सर्व्हरवर दोन-चार ओळींचा नियम लिहायचा: चिठ्ठीवर आपलं नाव असेल तर फोटो द्या, परकं असेल तर देऊ नका.

आता अडचण बघा. चिठ्ठी लिहितो कोण? येणाराच. आणि त्याच 1996 च्या दस्तऐवजात अशीही जोरदार शिफारस आहे की ती पाठवायची की नाही, हे वापरणाऱ्याला ठरवता यावं, कारण माणूस कुठून आला ही त्याची खासगी बाब असू शकते. म्हणजे कुलूप बनलं ते अशा चिठ्ठीवर, जी न देण्याची मुभा पहिल्यापासून होती.

ही अडचण आम्हाला पुस्तकात वाचून कळली नाही. आम्ही चार-पाच जणांनी तालुक्यातल्या गावोगावच्या वीरगळांचे फोटो काढून एक साधी वेबसाइट केली होती. महिन्याला 10 जीबीची मर्यादा, पैसे वर्गणीतून. एका बातम्यांच्या पोर्टलनं आमचा एक फोटो परस्पर जोडला आणि अठरा तारखेला साइट बंद पडली. एका निवृत्त गुरुजींचा फोन आला, “अहो, आमच्या गावचा दगड गेला कुठं?”

रागाच्या भरात आम्ही कडक कुलूप लावलं: आमच्या नावाची चिठ्ठी नसेल तर फोटो नाही. पोर्टलवरचा फोटो त्याच दिवशी गेला. आठवड्यानं गुरुजींचा पुन्हा फोन. त्यांच्या शाळेच्या पानावर वीरगळाच्या जागी नुसती रिकामी चौकट दिसत होती. तिथं फोटो जोडा, असं त्यांना आम्हीच सांगितलं होतं. शिवाय ज्यांचा ब्राउझर चिठ्ठीच देत नाही, असे प्रामाणिक वाचकही बाहेर राहिले. कोऱ्या चिठ्ठीवाल्यांना आत घ्यावं तर चोरही कोरी चिठ्ठी घेऊन येतो.

काही जण कुलूप न लावता चित्रच बदलतात. 2007 मध्ये अमेरिकेत जॉन मॅकेन यांच्या मायस्पेस पानानं माइक डेव्हिडसन या डिझायनरच्या सर्व्हरवरचं चित्र असंच जोडलेलं होतं. डेव्हिडसननं त्या जागी दुसरं चित्र ठेवलं, आणि मॅकेन यांच्याच पानावर झळकलं की त्यांनी समलिंगी विवाहाबाबतची भूमिका बदलली आहे! किस्सा मजेचा आहे, पण शाळेचं पान डोळ्यांसमोर असताना आमचा हात काही तिकडे वळला नाही. कायद्याचाही फारसा आधार नाही. त्याच वर्षी ‘परफेक्ट 10’ खटल्यात अमेरिकेच्या अपील कोर्टानं सांगितलं की चित्र ज्याच्या सर्व्हरवर आहे तोच ते दाखवतो, नुसता पत्ता देणारा नव्हे.

आता आपल्या देशातली गोष्ट. विकिमीडिया कॉमन्सवर असं जोडणं चालतं, मनाई नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्या मंडळींच्या लक्षात आलं की ॲस्टरच्या एका जांभळ्या फुलाचा फोटो दिवसाला सुमारे 9 कोटी वेळा मागितला जातोय, आणि सगळी मागणी भारतातून. एका डेटा सेंटरकडे येणाऱ्या चित्रांच्या मागणीत पाचवा हिस्सा या एकट्या फुलाचा. जून 2020 च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आल्यावर हा आकडा चढत गेला होता. माग काढला तर निघालं एक मोबाइल ॲप. उघडलं की ते फूल मागवायचं, आणि वापरणाऱ्याला दाखवायचं मात्र नाही.

मंडळी, इथल्या खोल्यांमधून शिफ्ट संपवून आलेला पोरगा फोन उघडत होता, आणि त्याला न दिसणाऱ्या फुलाचं बिल दुसरं कुणी देणगीतून भरत होतं. त्याला ते कळणार तरी कसं? सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, तोवर आपणही एमबी मोजून वापरायचो. पेज जड आहे, हे वाचकाच्याही खिशाला कळायचं. त्यानंतर मोजणारा उरला तो फक्त पाठवणारा.

आमच्या साइटचं विचाराल, तर कडक कुलूप आम्ही काढलं. कोऱ्या चिठ्ठीला आत येऊ देतो. फोटो 500 वरून 80 केबीवर आणले, मोठे हवे असतील तर मागून घ्या म्हणतो. बाहेरच्या ज्या पत्त्यांना मुभा आहे, त्यांची एक यादी सर्व्हरवर आहे. तिच्यात पहिली ओळ गुरुजींच्या शाळेची.