चाल, मानवी

दोन्ही पायांवर आळीपाळीने भार घेत शरीर पुढे नेण्याची चक्रीय हालचाल. धावण्यात सोडतात तशी हिच्यात दोन्ही पावले एकाच वेळी जमीन सोडत नाहीत.

उगम : टांझानियातील लाएतोली येथील सुमारे 36 लाख वर्षांपूर्वीचे पाऊलठसे दोन पायांच्या चालीचा पुरावा देतात. बोरेल्ली यांचा प्राण्यांच्या गतीवरील ग्रंथ 1680 मध्ये, तर वेबर बंधूंचा चालीवरील ग्रंथ 1836 मध्ये निघाला (पहा : जैवयामिकी).

वैशिष्ट्ये : चक्राचा सुमारे 60 टक्के काळ पाऊल टेकलेले, उरलेला काळ झुलते असते. टेकलेल्या पायावरून शरीर उलट्या लंबकासारखे जाते. स्थितिज व गतिज ऊर्जेच्या अदलाबदलीमुळे स्नायूंचे श्रम वाचतात. तोल राखण्याचे विशेष लक्षणीय उदाहरण सोलापुरात आढळते. सिद्धेश्वर यात्रेत मकरसंक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या सात उंच काठ्या 68 लिंगांच्या मार्गावरून मिरवत नेतात (पहा : सिद्धरामेश्वर). काठी कमरेशी पेलली जाते आणि तिचा गुरुत्वमध्य पेलणाऱ्याच्या डोक्याच्याही वर राहतो. म्हणून किंचित कलानेही कमरेवर मोठे परिबल येते. मात्र लांबीमुळे काठीचे निरूढी परिबल जास्त असते व ती सावकाश कलते. तेवढ्या अवधीत पाऊल कलाच्या दिशेने टाकून बुंधा पुन्हा गुरुत्वमध्याखाली आणता येतो. यात्रेपूर्वी याचा सराव केला जातो.

महत्त्व : पक्षाघातानंतरचे पुनर्वसन, सांधेरोपण व कृत्रिम अवयवरचना यांत चालीचे विश्लेषण वापरतात. अनवाणी चालणे व मांडी घालून बसणे शक्य करणारा ‘जयपूर फूट’ 1968 मध्ये तयार झाला (पहा : कृत्रिम अवयव).