जमाखर्चाच्या वहीतले चाचे

साहित्यातला चाचा बहुधा निराधार असतो. त्याला गाव नसते, सावकार नसतो, देणेकरी नसतात. तो समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो. या चित्राचे आकर्षण एवढे जबरदस्त आहे की एक साधा प्रश्न आपल्या मनात येत नाही: लुटलेले रेशीम हा माणूस विकत कुणाला होता? त्याला दारू, दोरखंड, बंदुकीची दारू, पायांतले जोडे कोण पुरवत होते? हा प्रश्न विचारला की चाच्याची कथा समुद्रावरून जमिनीवर येते, आणि जमिनीवर आली की ती व्यापाऱ्याच्या पेढीपाशी जाऊन थांबते. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातले न्यूयॉर्क हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण होय.

त्या काळी न्यूयॉर्क हे काही हजार वस्तीचे बंदर होते. इंग्लंडच्या नौकानयन कायद्यांनी वसाहतींचा व्यापार जखडून टाकला होता आणि रोख चांदीची टंचाई कायमची होती. याच गावात फ्रेडरिक फिलिप्स नावाचा गृहस्थ सुतार म्हणून आला. मूळचा फ्रिसलंडचा, डच वेस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला. १६६२ साली त्याने मार्गारेट हार्डेनब्रुक या विधवेशी विवाह केला. ती स्वतः जहाजांची मालकीण आणि कसलेली व्यापारी होती. पुढे तो वसाहतीतला सर्वांत धनाढ्य मनुष्य गणला गेला, गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात बसला आणि १६९३ साली हडसन नदीच्या पूर्व तीरावरच्या सुमारे ५२,००० एकरांच्या जहागिरीची राजसनद त्याला मिळाली.

त्याच १६९३ साली त्याचे 'चार्ल्स' नावाचे जहाज मादागास्करच्या ईशान्येकडील सेंट मेरी बेटावर पोचले. तिथे ॲडम बॉल्ड्रिज नावाच्या माणसाने १६९१ च्या सुमारास ठाणे मांडले होते. तांबड्या समुद्राकडे लुटीला जाणारी आणि लूट घेऊन परतणारी जहाजे या बेटावर डागडुजी करीत, रसद भरीत. १६९९ साली न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या जबानीत बॉल्ड्रिजने 'चार्ल्स'वरून आलेल्या मालाची यादी दिली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने ती अवश्य वाचावी. जोडे ४४, मोजे सहा डझन, टोप्या १२, रमची पाच पिंपे, मदिरा, करवती, तोफेच्या दारूची तीन पिंपे, भाजीपाल्याचे बी, कुदळी. आणि त्यांच्याच ओळीत मुळाक्षरांची पुस्तके, धर्मप्रश्नोत्तरी आणि बायबलच्या दोन प्रती. यादीला उपरोध ठाऊक नसतो. बायबल आणि तोफेची दारू यांच्यामध्ये तिथे केवळ एक स्वल्पविराम आहे.

परतीच्या मालाची नोंदही तितकीच कोरडी आहे: ११०० स्पॅनिश रुपेरी नाणी, ५७ लोखंडी कांबी, १५ गुरे आणि ३४ गुलाम. या शेवटच्या आकड्यापाशी वाचकाने थांबायला हवे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रॉयल आफ्रिकन कंपनीचा मक्ता असल्याने फिलिप्सला मादागास्करचा मार्ग सोयीचा होता. १६९५ सालच्या पत्रात त्याने बॉल्ड्रिजला बजावले आहे, की आपला खरा नफा गुलामांत आहे आणि बाकीचा व्यापार केवळ जोडधंदा. म्हणजे चाच्यांना रम विकणे हासुद्धा या माणसाच्या हिशेबी मुख्य उद्योग नव्हता! माणसांच्या विक्रीच्या वाटेवर लागलेली ती एक फायद्याची बाजारपेठ होती. १६९७ साली सेंट मेरीच्या स्थानिक लोकांनी त्या ठाण्यावर हल्ला केला. बॉल्ड्रिजने त्यांच्यातल्याच लोकांना फसवून जहाजावर चढवले आणि विकले, हे त्याचे कारण विल्यम किडने पुढे सांगितले. स्वतः बॉल्ड्रिज त्या वेळी समुद्रावर होता, म्हणून वाचला.

व्यापाऱ्याच्या जोडीला राज्यकर्ताही होता. शत्रूची जहाजे युद्धकाळात लुटण्याची सरकारी सनद ज्याच्यापाशी असेल तो चाचा नव्हे, असा तेव्हाचा कायदा होता. फ्रान्सशी युद्ध चालू असल्याने अशा सनदा देणे गव्हर्नरांच्या हातात होते. न्यूयॉर्कचा गव्हर्नर बेंजामिन फ्लेचर याने १६९४ साली न्यूपोर्टच्या टॉमस ट्यूला अशी सनद दिली, आणि त्यासाठी ३०० पौंड घेतल्याचे सांगतात. ट्यूने आदल्याच वर्षी तांबड्या समुद्रात एक श्रीमंत जहाज लुटले होते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. पुढे जाब विचारला गेला तेव्हा फ्लेचरने खुलासा केला, की ट्यू हा गप्पिष्ट, आनंदी माणूस असून त्याची शिवीगाळीची सवय सुटावी म्हणून आपण त्याला एक पुस्तकही भेट दिले होते. लुटीची सवय सुटावी म्हणून काय केले, ते मात्र या खुलाशात नाही.

कागदावर ती सनद फ्रेंचांविरुद्ध होती. ट्यू गेला तो सुरतेच्या जहाजांवर. १६९५ साली मोख्याहून परतणाऱ्या ताफ्याची वाट पाहणाऱ्या टोळीत हेन्री एव्हरीसोबत ट्यूचे आणि अमेरिकी वसाहतींतल्या इतर काहींचे जहाज होते. सुरतेचा मातब्बर व्यापारी अब्दुल गफूर याच्या 'फतेह मुहम्मद'वरच्या हल्ल्यात ट्यू मारला गेला असे मानतात. एव्हरीने ते जहाज घेतले आणि पाठोपाठ बादशाही 'गंज-इ-सवाई' गाठले. त्यावर हाजचे यात्रेकरू होते. लूट कित्येक दिवस चालली, स्त्रियांवर अत्याचार झाले, काहींनी प्राण दिले. खाफी खानाने लुटीचा आकडा ५२ लाख रुपये दिला आहे. सुरतेत इंग्रज वखारीचा प्रमुख सॅम्युएल ॲन्स्ली आणि त्याचे सहकारी कैदेत पडले.

लंडनमध्ये १६९६ च्या ऑक्टोबरात एव्हरीचे सहा साथीदार न्यायालयापुढे उभे राहिले. 'गंज-इ-सवाई' लुटल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले! सरकारची अब्रू गेली. मग आपलेच इंग्रज जहाज बळकावल्याचा दुसरा आरोप ठेवून त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि पाच जण फासावर गेले. सुरतेच्या यात्रेकरूंसाठी मात्र त्या निकालात एक ओळही नव्हती.

विल्यम किडची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा कागदी भाग कमी ठाऊक आहे. किड हा न्यूयॉर्कचा घरदार असलेला नागरिक. १६९६ साली ट्रिनिटी चर्चच्या बांधकामाला त्याने आपली कप्पी-दोरखंडाची सामग्री दिली. चाच्यांना पकडण्याच्या त्याच्या मोहिमेचा घाट ऑल्बनीचा व्यापारी रॉबर्ट लिव्हिंग्स्टन याने घातला आणि भांडवल इंग्लंडच्या बड्या सरदारांनी पुरवले. १६९८ च्या जानेवारीत किडने 'केडा मर्चंट' पकडले. माल सुरतेकडचा, कप्तान इंग्रज, परवाना फ्रेंच. त्या परवान्यामुळे आपली पकड कायदेशीर ठरते, असे किडचे म्हणणे होते. १६९९ साली त्याने हे परवाने न्यूयॉर्कचा नवा गव्हर्नर बेलोमाँट याच्या हवाली केले. हा बेलोमाँटही त्या मोहिमेचा भागीदार होता. १६९९ नंतरच्या खटल्यात परवाने सापडले नाहीत आणि १७०१ साली किडला वॉपिंगला फाशी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेच कागद लंडनच्या सरकारी दफ्तरात मिळाले. त्यांनी किड निर्दोष ठरला असता असे नव्हे. एका खलाश्याच्या खुनाचा आरोपही त्याच्यावर सिद्ध झाला होता. परंतु चाचा आणि सनदी लढवय्या यांच्यामधले अंतर कधीकधी एका कागदाच्या जाडीएवढे असते, हे त्यांनी सिद्ध केले.

व्यापाऱ्यांचे काय झाले? फिलिप्सला १६९८ साली सल्लागार मंडळ सोडावे लागले. शिक्षा म्हणावी अशी एवढीच. १७०२ साली तो अंथरुणात वारला आणि आपणच बांधवलेल्या चर्चमध्ये पुरला गेला. ते चर्च स्लीपी हॉलोचे.

साहित्याच्या वाचकाच्या कानाला हे नाव ओळखीचे वाटेल. वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२० साली या दरीला एक बिनमुंडक्याचा घोडेस्वार बहाल केला, आणि जगाला तेवढाच आठवतो. किडच्या पुरलेल्या खजिन्यावरही त्याने लिहिले. त्याआधी, १७१२ साली, एव्हरी लंडनच्या रंगभूमीवर नायक होऊन आला होता. १७२८ साली चाच्यांच्या प्रसिद्ध चरित्रग्रंथाच्या दुसऱ्या भागात ट्यूला 'लिबर्टालिया' या गुलामगिरीमुक्त काल्पनिक गणराज्यात स्थान मिळाले. ज्या बेटावरून ३४ माणसे विकली गेली, त्याच मुलखात कल्पनेने स्वातंत्र्याचे राज्य वसवले! लेखकांना दोष देण्याचे कारण नाही; भुते आणि खजिने गोष्टीत शोभतात, जमाखर्च शोभत नाही. परंतु परिणाम असा झाला की चाच्याची आख्यायिका उरली, भांडवलदाराची जहागीर उरली, आणि विकल्या गेलेल्यांचे काहीच उरले नाही. फिलिप्सचा मुलगा अडॉल्फ १७५० साली वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत २३ गुलाम होते. आज तिथल्या संग्रहालयाचे निवेदन त्या २३ जणांभोवती उभे आहे, तेही अशाच एका कोरड्या यादीच्या आधाराने.

मराठी वाचकाला या इतिहासाशी जोडणारा धागा केवळ सुरतेचा नाही. कान्होजी आंग्रे दस्तक नसलेली जहाजे पकडीत. पोर्तुगीजांनी दीडशेहून अधिक वर्षे हेच 'कार्ताझ'च्या नावाने केले होते. तरी १७३७ साली क्लेमंट डाउनिंगने छापलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्रे 'चाचा' आहेत. याला उत्तर म्हणून आंग्र्यांचे केवळ गौरवगान करणे पुरेसे नाही. पकडलेल्या जहाजांवरचे व्यापारी आणि खलाशी आपल्याही बखरींत फारसे बोलत नाहीत. खरे उत्तर वाचनाच्या पद्धतीत आहे. 'चाचा' हा शब्द दिसला की तीन गोष्टी विचाराव्यात: तो कोणी लिहिला, सनद कोणाच्या सहीची होती, आणि लुटीचा माल अखेर कोणत्या वहीत जमा झाला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्वचितच समुद्रावर सापडते.