बालवीर चळवळ आणि आपली गोदाकाठची मुले

गणेशोत्सव म्हटला की तरुण मुलांची धावपळ आलीच. १८९३ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिले. मेळे, लेझीम आणि मिरवणुका यांतून मुले एकत्र आली, शिस्त शिकली. पुढे दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडमध्येही मुलांना घडवणारा एक प्रयोग झाला. ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यात श्रीमंतांची मुले होती, तशी कामगारांचीही होती. त्या शिबिरातून स्काऊट, म्हणजे आपल्या मराठीतील ‘बालवीर’ चळवळ जन्मली.

१९०९ मध्ये ही चळवळ बंगळूरला आली. पण सुरुवातीच्या पथकांत प्रवेश होता तो युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच. ज्यांच्या देशात पथके निघाली, त्यांचीच मुले बाहेर! आपल्या माणसांनी मात्र दार उघडण्याची वाट पाहिली नाही. १९१३ मध्ये शाहजहानपूरला पंडित श्रीराम वाजपेयींनी देशी मुलांचे पथक काढले. १९१६ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट यांनी भारतीय मुलांची संघटना उभारली. १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची स्काऊट संघटना स्थापली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना मिळून ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ ही संघटना झाली. पुढच्या वर्षी मुलींची गाईड चळवळही त्यात आली.

आपला मुधोळ भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, राज्य बदलले. घरातली मराठी आणि गोदावरी मात्र तीच राहिली.

मी आठवीत असताना शाळेत स्काऊटची नावे घेत होते. वडील म्हणाले, “अभ्यास सोडून दोऱ्या बांधत बसणार का?” माझे नाव राहिले. माझा एक मित्र मात्र गेला. दोन वर्षांनी विसर्जनाच्या वेळी एक लहान मुलगा पाय घसरून खोल पाण्यात गेला. आम्ही सगळे नुसते ओरडत होतो. मित्राने मंडपाचा दोर उचलला, टोकाला फास न आवळणारी बो-लाइन गाठ मारली आणि फेकला. मुलाने ते कडे काखेखालून घेतले. चौघांनी ओढून काढले. पुढे मी डिप्लोमा केला, सरकारी नोकरी लागली. पण त्या दिवशी माझे हात रिकामे होते, हे अजून विसरलो नाही. वडीलही पुढे कधी त्या दोऱ्यांना हसले नाहीत.

स्काऊट-गाईडमध्ये साधारण १० ते १७ वर्षांची मुले असतात. सहा ते आठ जणांचा एक संघ, त्याचा संघनायक त्यांच्यातलाच. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशा पायऱ्या. गाठी, प्रथमोपचार, होकायंत्रावरून दिशा ओळखणे, दोन काठ्या व सदरे घेऊन स्ट्रेचर करणे, उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक करणे, हे सारे करून शिकायचे. शिवाय रोज एक तरी सत्कृत्य.

साहस ही शहरातल्या, पैसेवाल्यांच्या मुलांची गोष्ट, असे आपण समजतो. शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावच्या मालावत पूर्णाने हा समज मोडला. शेतमजुरांची ही मुलगी सरकारी निवासी शाळेत शिकत होती. भुवनगिरीच्या कातळावर तिने चढाईचे पहिले धडे घेतले आणि २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच, ती एव्हरेस्टवर पोहोचली. तिला संधी मिळाली, शिकवणारे मिळाले आणि घरच्यांनी अडवले नाही.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एवढीच विनंती : आपल्या मुलांच्या शाळेत पथक आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. असेल तर मुलाबरोबर मुलीचेही नाव द्या. नसेल तर चार पालक मिळून मागणी करा. वाजपेयींनी दार बंद असताना पथक काढले. आपल्यासाठी तर ते उघडेच आहे. पुढच्या विसर्जनाला घाटावर ढोल वाजवणारे हात असतीलच, दोर टाकता येणारे हातही असू द्या.

गणपती बाप्पा मोरया!